खालचं खाचर आन् वरचे गुण

ती पांढरी गाडी पुन्यांदा रस्त्याला येऊन हुभी ऱ्हायली तवा आमी तिघी खालच्या खाचरात वाकून रोपं लावत व्हतो. मी, माझी भावजय सुलक्षणा, आन् तिची लेक अश्विनी. पाऊस सकाळधरनं नुसता भुरभुरत व्हता. राजगड ढगात गेलेला, त्याचा पत्ता न्हाई. डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद वाऱ्यानं फडफडून कानाला झोडपत व्हता. गाडीची काच खाली आली. आतनं एका माणसानं मोबाईल भाईर काढून आमच्याकडं धरला. काच वर गेली, गाडी गेली.

"आमचा फोटो काढून काय देव्हाऱ्यात लावनार हाय का मेला?" म्या म्हणलं.

सुलक्षणा रोपं लावतच ऱ्हायली. तिच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हंजी हिरीतनं घागर वडायची. अश्विनी मात्र कंबर सरळ करून रस्त्याकडं बघत ऱ्हायली.

"आत्या, फोटो आपला न्हवता," ती म्हणली. "शेताचा व्हता."

"गप ग. लाव फुडं."

म्या म्हणलं खरं, पर ते काय मला बरं वाटलं न्हाई. आठ दिसामागं असाच एक जण बांधावरनं चालत गेला व्हता, पायाला पांढरे बूट, आन् चालताना तोंडानं पावलं मोजत व्हता. इचारलं तर म्हणला, "काही नाही मावशी, असंच." असंच कोन चिखलात पावलं मोजत फिरतं?

आमची वाडी गडाच्या पायथ्याला, पालीच्या अलीकडं. मी हितलीच. लगीन करून भोंगवलीला दिली व्हती, पर नवऱ्यानं दुसरी आनली तवा म्या पिशवी उचलली आन् म्हायेरी आले ती आलेच. थोरला आनंददादा, मधली मी, धाकटा गोरख, सुलक्षणाचा नवरा. दादा लगीन झाल्यावर पालीला सासऱ्याच्या जागेत गेला, तितं त्याचा पोरगा स्वरूप गडावर येनाऱ्या पोरांना तंबू भाड्यानं देतो. शेताला त्यांचा पाय लागल्याला म्या तरी कैक वर्सांत बघितला न्हाई. चिखलणी गोरखनं करायची, लावणी आमी करायची, झोडपणी आमी करायची, आन् दिवाळीला इंद्रायणीची दोन पोती गोरखनंच दादाच्या वसरीत नेऊन टाकायची. असं चाललेलं. कुनाची तक्रार न्हाई.

आता अश्विनीचं सांगते, कारन समदं तिच्यापायीच.

पोरगी बारावीला वेल्ह्यात पयली आली. शंभरातले नव्वद! सरपंचानं फाट्यावर तिचा फ्लेक्स लावला. फोटोत तिचं नाक लई मोठं आलं व्हतं, त्यावरनं ती दोन दीस रुसली. गोरखनं पेढे वाटले. ज्याला त्याला सांगत सुटला, पोरगी शेतीच्या कॉलेजात जानार, सरकारी कॉलेजात, कृषी अधिकारी होनार. आन् आमी खुळी मानसं, नव्वद म्हंजी झालंच की, म्हणून निवांत बसलो. मंग त्या सीईटीचा निकाल आला. पुण्याला जाऊन कम्पूटरवर तीन तास दिल्याली परीक्षा. त्यात पोरगी लई मागं पडली.

"मागं म्हंजी कितवी?" म्या इचारलं व्हतं.

"शंभर पोरं हुभी केली ना आत्या, तर तीस-पस्तीस माझ्या फुडं."

"आन् बारावीचं काय? त्याचं काय लोणचं घालायचं?"

"ते बी धरत्यात. पर थोडं. जास्ती वजन सीईटीचं."

दोन वर्सं पोरगी पाच वाजता उठून, शेण काढून, दूध डेरीला घालून, यष्टीनं वेल्ह्याला जाऊन शिकली, त्याचं वजन थोडं. आन् तीन तास थंडगार खोलीत बसून बटनं दाबली त्याचं वजन जास्ती. माझ्या टकुऱ्यात हे शिरंना. अजून बी शिरत न्हाई.

त्या दिशी भाकरी खाताना बांधावर तिनं आनखी एक गोष्ट सांगटली. तवर कुनाला बोलली न्हवती.

"आत्या, म्या लई प्रश्न तसेच सोडले."

"येत न्हवते?"

"नक्की येत न्हवते. अर्धवट येत व्हते. पप्पा म्हणत्यात ना, येत न्हाई त्याला येत न्हाई म्हणावं, ठोकून देऊ ने. म्हणून सोडले." ती खाली बघून चटणी बोटानं गोळा करत व्हती. "भाईर आल्यावर कळलं. चुकलं तर गुण कापतच न्हवते. चारातलं कुठलं बी एक दाबलं असतं तर काय तरी लागलंच असतं. क्लासच्या पोरांना ते आधीच सांगून ठेवत्यात. शेवटाला डोळं झाकून दाबत सुटायचं."

"आगं बया! आन् तुला कुनी सांगटलं न्हाई?"

"कोन सांगनार?"

सुलक्षणानं ऐकलं. तिनं भाकरीचा तुकडा तसाच फडक्यात ठेवला आन् उठून चिखलात गेली. मला पोरीचा राग आला, गोरखचा राग आला, आन् ज्यानं कुनी ती परीक्षा काढली त्याचा तर इतका राग आला की त्या दिशी म्या समद्यांच्या आधी माझी वळ लावून काढली.

*

अर्ज भरायला गोरख, अश्विनी आन् मी वेल्ह्याला गेलो. मी कशाला? तर गोरख हापिसात गेला की त्याची जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून. कुमारचं दुकान यष्टी स्टँडाजवळ हाय. दोन कम्पूटर, एक झेरॉक्सचं मशीन, आन् ह्या दिसांत दारापस्तोर पोरांची रांग. कुमार बोलायला बरा. त्यानं अश्विनीचे आकडे भरले, ओठ आत घेतले, आन् मान हलवली.

"जरा कमी पडतंय. पण वरचे गुण आहेत ना तुम्हाला. शेतकऱ्याच्या मुलांना मिळतात. आईचं नाहीतर वडलांचं नाव सातबाऱ्यावर पाहिजे, बस."

गोरखचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! सातबारा त्यानं संगंच आनला व्हता, दुधाच्या पिशवीत गुंडाळून. त्यानं तो काढला, हातानं सरळ केला, टेबलावर ठेवला. माणूस लगीनपत्रिका ठेवतो तसा ठेवला.

कुमारनं वाचला. पुन्यांदा वाचला.

"काका, ह्याच्यावर तुमचं नाव कुठं आहे?"

"हे काय. आनंदराव गेनू."

"आणि तुम्ही?"

"मी गोरख गेनू. ते माझे थोरले बंधू. एकत्र कुटुंब हाय आमचं. म्हातारा गेला तवा थोरल्याचं नाव लागलं."

"मग कागदावर शेतकरी ते. तुम्ही नाही."

रांगेतली दोन पोरं फिदीफिदी हसली. गोरखच्या ढोपरापस्तोर सकाळच्या चिखलणीचा चिखल वाळला व्हता. दोन दीस पावर टिलर धरून त्याच्या हाताला पेन धरायची ताकद ऱ्हायली न्हवती. तो म्हणला, "आवो, वाडीत कुनाला बी इचारा."

"वाडीत विचारून चालत नाही काका." कुमारला बी वाईट वाटत व्हतं, ते दिसत व्हतं. "दुसरा एक मार्ग आहे. भूमिहीन शेतमजुराच्या मुलांना पण गुण मिळतात. तसा दाखला आणा."

मजूर म्हणून लिहून घ्यायचं म्हंजी त्याच्या जिवाला काय व्हतं ते मला ठावं. पर तो पोरीकडं बघून उठला. गेलो तहसील हापिसात. दुपारच्याला जेवायची सुट्टी, मंग लाईट न्हाई, मंग साहेब आले. त्यांनी तोच सातबारा बघितला आन् म्हणले, "तुमच्या घरात जमीन आहे. भूमिहीन कसा लिहू? खोटा दाखला देऊ का मी?"

त्यांचं तरी काय चुकलं? आमी भाईर आलो. पत्र्याखाली हुभे ऱ्हायलो. गोरख पावसाकडं बघत म्हणला, "आक्का, तिकडं शेतकरी न्हाई म्हणत्यात. हिकडं मजूर न्हाई म्हणत्यात. मंग म्या हाय तरी कोन?"

"तू येडा हायस, आनखी कोन?" म्या म्हणलं. "म्हातारा गेला तवाच नाव लावून घ्यायला काय धाड भरली व्हती तुला?"

"दादा हायेत की, म्हणलं."

पोरगी शेजारी हुभी. तिच्यासमोर मी आसं बोलायला नगं व्हतं. गोरखनं सातबारा पुन्हा पिशवीत गुंडाळला, भिजू ने म्हणून सदऱ्याच्या आत घातला, आन् यष्टीच्या वाटंला लागला.

*

दादाकडं गेलो तवा तो पडवीत झोपाळ्यावर बसला व्हता. माझ्या ह्या भावाचा आवाज जन्मात कवा चढला न्हाई. भांडायला गेलं तर तो च्या पाजतो. पडवीत टांगल्यालं नांगराचं जुनं जू मी शोधत व्हते, ते दिसलं न्हाई. तितं आता चार पिवळे तंबू घड्या घालून ठेवले व्हते, आन् कोपऱ्यात लाल टोकाच्या काठ्या. मोजणीच्या काठ्या. मी बघितल्या, आन् मी बघितल्या हे दादानं बघितलं.

गोरखनं समदं सांगटलं. दादानं डोळं मिटून ऐकलं.

"आरं, पोरीसाठी न्हाई करायचं तर कुनासाठी? ती काय तुझी एकट्याची हाय?" तो म्हणला. "नाव लावू की. वाटपच करून टाकू सहमतीनं. माझी वळख हाय, लवकर करून घेतो. अर्जाची मुदत जायच्या आत तुझ्या नावचा सातबारा हातात."

गोरखच्या डोळ्यांत पानीच आलं. तो दादाच्या पाया पडायला वाकला. दादानं त्याला धरलं, आन् धरूनच म्हणला, "वरची दोन खाचरं आन् माळ तुझ्या नावावर. खालचं खाचर तेवढं माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

खालचं खाचर म्हंजी आमचं पोट. वरच्या दोन खाचरांत पानी टिकत न्हाई, पाऊस उघडला की भात पिवळं पडतं. माळावर नुसतं गवात. वर्साचा तांदूळ घरात येतो तो खालच्यातनं.

"रस्त्याला हाय ते," दादा म्हणला. "शेतीला रस्त्याचा काय उपेग? म्या त्याचं काय तरी करीन. आन् आक्काचं हक्कसोड लागंल. तिचं बी नाव निघतं ना वारसात."

"माझं?" म्या म्हणलं.

"आगं, बहिनी देत्यातच की. समद्या गावात देत्यात. साडीचोळी म्या करीन तुला, झकास."

"साड्या हाईत मला. दोन हाईत."

दादा मोठ्यानं हसला. स्वरूप बी आतनं हसला. गोरखला हसू आलं न्हाई. तो हळूच म्हणला, "दादा, खालच्याची लावणी चालू हाय."

"लावा की! यंदाचं पीक तुमचंच. दिवाळीला काढा आन् मंग सोडा. मी काय परका हाय का?"

निघताना त्यानं अश्विनीसाठी बिस्किटाचा पुडा दिला. फाटकापस्तोर पोचवायला आला. फाटकाभाईर ती पांढरी गाडी हुभी व्हती, रिकामी. आमी गाडीच्या कडंनं आंग चोरून रस्त्याला लागलो.

*

दीस मावळायला चुलीम्होरं समदी बसलो. पायाच्या बोटांत माझ्या चिखल्या झाल्या व्हत्या, कातडं पांढरं पडून सुटत व्हतं. सुलक्षणा त्यात कोमट तेल आन् हळद भरत व्हती. आग आग होत व्हती, पर बोलायचं त्यावर न्हवतं.

"नगं पप्पा," अश्विनी म्हणली. "मी फुडल्या वर्षी परत देते. आवंदा सोडून द्या."

"आन् वरीसभर काय करशील?"

"अभ्यास."

"कुठं? हितं?" गोरखनं घरभर हात फिरवला. "हितं चिखल हाय, शेण हाय, आमी हाय. तुझं तू म्हणतीस वरीसभर, पर दिवाळी झाली की पाव्हनं येत्याल बघायला, माघात येत्याल. नव्वद टक्क्यांची पोरगी म्हणून येत्याल. मी किती जनांना माघारी धाडू? एकदा का कॉलेजात गेलीस, मंग मला बोलाया तोंड हाय."

"पर खालचं खाचर..."

"खाचर जाईल. तू तर जाशील ना हितनं."

आसं म्हणला. त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. पोरगी उठून गोठ्यात गेली.

मी वाट बघत व्हते, आता सुलक्षणा मला म्हणंल, वन्सं, द्या सही. म्हणली असती तर म्या चांगली भांडले असते. मला बी तोंड हाय. माझ्या नावावर ह्या जगात नवरा न्हाई, लेकरू न्हाई, एक तेवढा बापाचा वाटा, तो बी कागदावर न चढल्याला. तो तोंडानं मागितला असता तर म्या इतक्या सुखासुखी दिला नसता. पर ती बया माझा पाय मांडीवर घेऊन म्हणते काय, "वन्सं, तुमचा वाटा तुमी सोडू नगा. आमचं काय बी होवो. तुमी म्हातारपनी कुठं जाशीला?"

आता बोला. असली भावजय पदरात पडल्यावर मानसानं करावं काय?

"गप बस," म्या म्हणलं. "तेल सांडतंय."

आन् मनात मलाच म्हणलं, जाऊ दे, चंद्रे. पोरगी हापिसर झाली म्हंजी तिच्या दारात बसून भांडू.

*

हक्कसोडासाठी रजिस्टरच्या हापिसात पंख्याखाली माझा फोटो काढला. अंगठा घेतला, सही बी घेतली, सही मला येते. बाईंनी इचारलं, "खुशीनं देताय ना?" म्या म्हणलं, "व्हय." आनखी काय म्हणायचं असतं तितं? माझ्या पाठीमागं रांगेत आनखी दोघी तिघी व्हत्या, म्हायेरच्या वाट्यावर सही करायला आल्याल्या. एकीनं तर सहीच्या आधीच नवी साडी नेसली व्हती. दादानं मला दिली ती हिरवी, जरीकाठाची. म्या ती पिशवीतनं भाईरच काढली न्हाई.

काम मात्र दादानं बोलल्याप्रमानं केलं. मुदतीच्या आत सातबारा आला. गोरख गेनू. नाव वाचून गोरखनं कागद डोळ्याला लावला. कुमारनं तो कम्पूटरात चढवला, आन् अश्विनीचे गुण वर सरकले ते आमाला बोट लावून दाखवलं. त्या दिशी स्टँडावर आमी भजी खाल्ली. गोरख म्हणला, "आता म्या शेतकरी," आन् तीन वेळा हसला. मला ते हसनं आवडलं न्हाई.

लावणी संपली. आषाढ गेला. खालच्या खाचरातल्या रोपांनी मुळी धरली, पिवळी पडल्याली पाती हिरवी झाली, वाऱ्यानं समदं खाचर एका अंगाला लवायला लागलं. बघून बरं वाटायचं, आन् मी बोटावर दिवाळीपस्तोरचे म्हैने मोजायची. फाट्याजवळ शाळंच्या मोकळ्या जागेत एक जेसीबी येऊन हुभा ऱ्हायला. रस्त्याचं काम असंल, म्हणलं. दुसऱ्या दिशी बी तितंच. तिसऱ्या दिशी गोरख दुधाची किटली घेऊन जाताना डायवरला इचारून आला, काम कुठलं? डायवर म्हणला, "सांगतील." सुलक्षणा रोज सकाळी भाकरी थापता थापता दारातनं त्या पिवळ्या मशीनकडं बघायची, आन् भाकरी करपायची.

दादाला फोन लावला तर स्वरूप उचलायचा आन् बापाचं सांगायचा. "आण्णा पुण्याला गेलेत."

*

ज्या दिशी कॉलेजांची यादी लागनार व्हती त्या दिशी सकाळपासनं आमी खालच्या खाचराच्या बांधावर. आमच्या वाडीत मोबाईलला रेंज न्हाई. ती मिळती ती तेवढी त्याच बांधावर, रस्त्याच्या अंगाला. अश्विनी हातात मोबाईल धरून बसली, सुलक्षणा आन् मी तिच्या डोक्यावर कागद धरून, गोरख फावडं घेऊन बांधाची डागडुजी करतोय असं दाखवत.

पोरीनं बोटानं वर खाली केलं. पुन्हा केलं. तिचा चेहरा मी बघत व्हते. तो काय हालला न्हाई, नुसता रंग गेला.

"लाव कुमारला," गोरख म्हणला. "तुला नीट दिसत नसंल."

कुमारचा आवाज मोठा करून ठेवला. तो म्हणला, "अश्विनी, पाहिलं मी. सरकारीत नाही लागलं. खाजगीत पण नाही. पुढच्या फेऱ्या आहेत, पण खरं सांगतो, फार आशा धरू नका."

"आवो, पर ते वरचे गुण?" गोरख मोबाईलात तोंड घालून वराडला. "शेतकऱ्याचे? ते धरले न्हाईत का?"

"धरलेत ना काका."

"मंग?"

"काका, शेतीच्या कॉलेजला येतात कोण? बहुतेक सगळी शेतकऱ्यांचीच मुलं. सगळ्यांकडे सातबारा. सगळ्यांनाच ते गुण मिळालेत. सगळे वर सरकले, तशी ही पण सरकली. ते नसते तर फार खाली गेली असती, एवढंच. शेवटी सीईटीवरच आलं."

"म्हंजी..." म्हणत गोरखनं फावडं बांधाला टेकवलं.

म्या पोरीच्या हातातनं मोबाईल घेतला. "आरं कुमार, मुडद्या, मंग हे तू आधी का न्हाई सांगटलंस?"

"आत्या, गुण मिळतात म्हणालो ना मी. मिळतात. पुरतील का, ते यादी लागल्याशिवाय मला तरी कसं कळणार?" त्याचा आवाज रडवेला झाला व्हता. मी फोन ठेवला. त्याला बोलून काय व्हनार व्हतं?

अश्विनी बांधावर बसली व्हती तशीच बसली. सुलक्षणानं तिला जवळ घेतलं, तर पोरगी लाकडासारखी. रडली असती तर बरं झालं असतं. मला तर वाटलं, तिला झोडपावं आन् मंग कुशीत घेऊन आपन बी रडावं.

तवाच फाट्याकडनं घरघर आली.

जेसीबी रस्त्यानं हळूहळू आला आन् खाचराच्या तोंडाशी हुभा ऱ्हायला. मागं ती पांढरी गाडी. गाडीतनं दादा उतरला, छत्री घेऊन. गोरख पळतच गेला.

"दादा, पीक! दिवाळीपस्तोर म्हणला व्हता तुमी."

"आरं, म्या म्हणलं व्हतं," दादा त्याच हळू आवाजात म्हणला. "पर घेनारा थांबंना. त्याला दसऱ्याला हितं हाटेल चालू करायचंय. पीक कोवळंच हाय अजून, दान्यात आल्यालं मोडताना जास्ती जीव तुटला असता तुझा. तुझं नुकसान म्या बघीन की. पोरीचं झालं ना काम?"

दादानं आमच्या तोंडाकडं बघितलं आन् छत्री जरा खाली घेतली.

डायवरनं मशीन फुडं घातलं. फुडचं चाक बांधावरनं खाली उतरलं आन् चिखलात निम्मं गेलं. त्यानं मागं घेतलं, पुन्हा घातलं, पुन्हा रुतलं. मंग त्यानं मुंडी भाईर काढली.

"पानी लई हाय. हे समदं सोडाया लागंल. नसंल सोडायचं तर मी वरनं येतो, त्या वरच्या दोन्हीतनं. तितं जमीन घट दिसतीया."

वरची दोन. गोरखच्या नावावरची. तितं बी भात हुभं.

"नगं!" गोरख म्हणला. "वरनं नगं. थांबा."

त्यानं फावडं खांद्यावर घेतलं. मला वाटलं, आता हा त्या मशीनच्या काचंवर घालतोय. घातलं असतं तर म्या अडवलं नसतं. पर तो वढ्याच्या अंगाला गेला, जितं बांध सगळ्यात खाली हाय तितं. पाय रोवून हुभा ऱ्हायला. आन् ज्या बांधाला पंचवीस वर्सं त्यानं दर आषाढात माती लावली त्यावर फावडं घातलं. पयल्या घावाला माती निघाली न्हाई, इतका तो बांध चांगला घातल्याला. दुसऱ्याला निघाली. मंग तो घालतच सुटला.

पानी आधी बोटभर गेलं, मंग हातभर, आन् मंग समदं खाचर एकदम वढ्याकडं वळलं. रोपांची मुळं उघडी पडायला लागली. दोन खेकडे बिळातनं निघून चिखलात तुरुतुरु पळाले. गडी मानूस माझा भाऊ, ढोपराएवढ्या पान्यात हुभा ऱ्हाऊन फावडं मारत व्हता आन् मोठ्यानं रडत व्हता, जेसीबीचा आवाज इतका की ते रडनं नुसतं दिसत व्हतं.

अश्विनी उठली. मला वाटलं बापाला धराया चालली. तिनं चप्पल बांधावर काढली, खाचरात उतरली, आन् मशीन येनार व्हतं त्या अंगाची रोपं उपटाया लागली. मुळासकट, मूठ मूठ. एक मूठ झाली की बांधावर ठेवायची, दुसरी घ्यायची. सुलक्षणा बी उतरली.

"आगं, काय करताय?" म्या वराडले.

"वरच्यात लावू आत्या," पोरगी म्हणली. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. "वरच्यात मधी मधी जागा हाय."

वरच्यात पानी टिकत न्हाई, हे तिला बी ठावं, सुलक्षणाला बी ठावं. दादा छत्रीखालनं बघत व्हता. म्या पदर खोचला आन् चिखलात उतरले. डायवरनं मशीन बंद करून बिडी पेटवली, आन् पानी जाईस्तोवर आमी रोपं काढत ऱ्हायलो.